व्हिडिओ कॉल तुटतोय? राउटरमधलं 'क्यूओएस' चालू करण्याआधी या क्रमाने जा

घरात शंभर एमबीपीएसचा फायबर आहे, स्पीड टेस्टचा काटा ९५ ला टेकतो, आणि तरी मीटिंगमध्ये "अहो, तुमचा आवाज तुटतोय" ऐकावं लागतं. मग बहुतेक जण दोनपैकी एक गोष्ट करतात. एक तर दोनशे एमबीपीएसचा प्लॅन घेतात, नाहीतर राउटरच्या सेटिंगमध्ये शिरून 'क्यूओएस' (क्वालिटी ऑफ सर्व्हिस, म्हणजे कुठला डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सोय) लिहिलेलं बटण चालू करतात. पहिल्याने बिल वाढतं. दुसऱ्याने बहुतेक वेळा काहीच होत नाही, आणि कधीकधी चाललेलं नेटही मंदावतं.

कारण दुखणं वेगाचं नसतंच. चांगल्या एचडी व्हिडिओ कॉलला तीन-चार एमबीपीएस पुरतात. नुसत्या आवाजाला शंभर केबीपीएसच्या आसपास लागतं. पण आवाजाचं पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, साधारण दर २० मिलिसेकंदांनी निघतं आणि त्याला तितक्याच ठेक्यात पोचावं लागतं. आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची जी.११४ ही जुनी शिफारस सांगते की बोलणं सहज वाटायला एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत हवा. नेटफ्लिक्सला याची फिकीर नाही, ते पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतं. त्यामुळे "टीव्हीवर फोर-के मस्त चालतं, मग कॉलच का तुटतो?" या प्रश्नात गोंधळण्यासारखं काही नाही. टीव्हीला भरपूर डेटा हवा असतो, कॉलला थोडाच पण वेळेवर.

वाय-फायवर पॅकेटला उशीर होतो तो तीन ठिकाणी: हवेत, राउटरच्या रांगेत आणि पुढे इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या जाळ्यात. पहिल्या दोन जागा आपल्या हातात आहेत. खाली त्याच क्रमाने सांगतो. क्रम मोडू नका, कारण प्राधान्याची सगळी कलाकुसर हवा खराब असताना फुकट जाते. हा लेख घरासाठी किंवा पाच-दहा माणसांच्या ऑफिससाठी आहे. कंट्रोलरवर चालणाऱ्या मोठ्या ऑफिसचं गणित वेगळं.

हाताशी काय हवं

- राउटरच्या अ‍ॅडमिन पानाचा पत्ता आणि पासवर्ड. पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, जिओच्या डब्यावर १९२.१६८.२९.१. डब्याखालच्या स्टिकरवर दोन्ही छापलेलं असतं.
- पीपीपीओई जोडणी (राउटरमध्ये युजरनेम-पासवर्ड भरून सुरू होणारी) असेल तर तिचं युजरनेम आणि पासवर्ड. केबलवाल्याकडून व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागून ठेवा.
- एक लॅपटॉप आणि पाच-दहा मीटरची कॅट-६ केबल.
- अँड्रॉइड फोनवर 'वायफाय अ‍ॅनालायझर' प्रकारचं कुठलंही अ‍ॅप. आयफोनवर असं अ‍ॅप नीट चालत नाही, तिथे अ‍ॅपलच्याच एअरपोर्ट युटिलिटीतला स्कॅनर सेटिंगमधून चालू करावा लागतो.
- राउटरच्या आत्ताच्या प्रत्येक सेटिंग पानाचा फोटो. काही बिघडलं तर परतीची वाट हवी.

पायरी १: दुखणं कुठे आहे ते आधी शोधा

लॅपटॉपवर नेहमीच्या खुर्चीत बसून दोन कमांड प्रॉम्प्ट उघडा. एकात राउटरला सतत पिंग लावा (पिंग म्हणजे छोटा संदेश पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागले ते मोजणं), दुसऱ्यात बाहेरच्या एखाद्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८. विंडोजवर पिंगपुढे 'डॅश टी' दिलं की ते थांबवेपर्यंत चालतं, मॅकवर आपोआपच चालत राहतं. आता कॉल लावा आणि आकडे बघा. मग घरातल्या कुणाला तरी फोनवरून एखादा मोठा व्हिडिओ ड्राइव्हवर चढवायला सांगा, आणि पुन्हा बघा.

राउटरचं पिंग २ ते ५ मिलिसेकंदांत राहिलं तर हवा ठीक आहे. तेच मध्येच ८०, २०० असं उडत असेल किंवा 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येत असेल, तर दुखणं तुमच्या घरातल्या हवेत आहे आणि कंपनीला फोन करण्यात अर्थ नाही. पायरी २ ते ४ तुमच्यासाठी.

राउटरचं शांत आहे, पण अपलोड सुरू झाल्या झाल्या बाहेरचं पिंग ३००-५०० वर चढतं आणि अपलोड संपताच खाली येतं? हे रांगेचं दुखणं. थेट पायरी ६ कडे जा, तिथेच सगळ्यात जास्त फरक पडतो.

घरात कुणीच काही करत नसतानाही बाहेरचं पिंग उड्या मारत असेल, तर लॅपटॉप केबलने राउटरला जोडून पुन्हा बघा. तरीही तेच दिसलं, तर प्रश्न कंपनीच्या बाजूला. आणि दोन्ही पिंग सरळ असताना फक्त कॉल खराब होत असेल, तर लॅपटॉपचा प्रोसेसर दमलाय का ते बघा, किंवा समोरच्याला त्याचं नेट तपासायला सांगा. कॉलमध्ये दोन टोकं असतात हे आपण फार लवकर विसरतो.

एक सापळा: मोजताना लॅपटॉप चार्जरवर ठेवा. बॅटरी वाचवायला वाय-फाय कार्ड मध्येच डुलकी काढतं आणि पिंग उगाच वर दिसतं. मॅकबुक असेल तर एअरड्रॉपही बंद करून बघा. त्यासाठी मॅकचा रेडिओ अधूनमधून दुसऱ्या चॅनेलवर डोकावतो आणि ठरावीक अंतराने उंच आकडे दिसतात.

पायरी २: डब्याची जागा

फायबर बसवणारा माणूस डबा तिथेच ठेवतो जिथे वायर आत येते, म्हणजे दारामागे, चपलांच्या कपाटावर किंवा टीव्हीच्या मागे. ही त्याची सोय झाली. लोखंडी कपाट, आरसा, फिश टँक, माळ्यावरची पाण्याची टाकी आणि आरसीसीचे खांब वाय-फाय अडवतात. डबा घराच्या मध्याजवळ, उघड्यावर, डोक्याच्या उंचीला हवा. चार-पाच मीटर फायबर वाढवून द्यायला केबलवाला सहसा नाही म्हणत नाही, बसवतानाच सांगितलं तर.

काम करता त्या खुर्चीवर सिग्नल उणे ६७ डीबीएमच्या वर असावा (डीबीएम हे सिग्नलच्या ताकदीचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितकं चांगलं). उणे ६० उत्तम, उणे ७५ म्हणजे रडतखडत. मॅकवर ऑप्शन दाबून वाय-फायच्या चिन्हावर क्लिक केलं की हा आकडा दिसतो, अँड्रॉइडवर अ‍ॅपमध्ये.

पायरी ३: पट्टा आणि चॅनेल

कॉलचे लॅपटॉप आणि फोन ५ गिगाहर्ट्झवर हवेत, यात वाद नाही. २.४ वर ब्लूटूथ आहे, स्वयंपाकघरातला मायक्रोवेव्ह आहे, आणि सोसायटीतली यच्चयावत नेटवर्कं आहेत. आमच्या मजल्यावर उभं राहून स्कॅन केलं तर यादी संपेपर्यंत अंगठा दुखतो. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने दाखवत असेल, तर काही दिवस नावं वेगळी करून बघा, म्हणजे कोण कशावर आहे ते कळतं.

२.४ वर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. रुंदी २० मेगाहर्ट्झ. इथला नेहमीचा सापळा म्हणजे "३ वर कुणीच नाही" असं बघून ३ निवडणं. एकाच चॅनेलवरची नेटवर्कं एकमेकांना ऐकतात आणि पाळीपाळीने बोलतात. अर्धवट मिसळणाऱ्या चॅनेलवर समोरचा बोलतोय हे नीट ऐकूच येत नाही, फक्त कलकलाट होतो. ३ वर बसलात की १ आणि ६ दोघांचाही त्रास तुमच्याच वाट्याला.

५ गिगाहर्ट्झवर आपल्याकडे २०१८ नंतर भरपूर जागा मोकळी झाली. ३६ ते ४८ आणि १४९ ते १६५ ही चॅनेल निर्धास्त वापरा. मधली ५२ ते १४४ रडारसोबत वाटून घ्यावी लागतात. राउटरला रडारची चाहूल लागली की त्याला चॅनेल सोडावंच लागतं, आणि अशा नव्या चॅनेलवर बसण्याआधी किमान एक मिनिट कान देऊन थांबावं लागतं. ती उडी भर मीटिंगमध्ये पडली तर कॉल गेलाच. विमानतळाजवळ राहत असाल तर तिकडे फिरकूच नका. बाकी ठिकाणी हीच चॅनेल मोकळी मिळतात, तेव्हा वापरून बघायला हरकत नाही.

रुंदी ८० ठेवली की स्पीड टेस्ट छान येते. पण दाटीच्या इमारतीत मी ४० ठेवायला सांगेन. शिखराचा वेग कमी होतो, पण शेजाऱ्यांशी टक्करही कमी होते. कॉलला ते जास्त मानवतं.

पायरी ४: हवा कोण खातंय?

ही पायरी लोक गाळतात. वाय-फायवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, म्हणून वाटून घ्यायची गोष्ट एमबीपीएस नाही, वेळ आहे. १५०० बाइटचं एक पॅकेट ३०० एमबीपीएसने पाठवायला ०.०४ मिलिसेकंद लागतो. तेच पॅकेट कोपऱ्यातल्या सीसीटीव्ही कॅमेऱ्याने कमजोर सिग्नलमुळे ६ एमबीपीएसने पाठवलं, तर २ मिलिसेकंद. पन्नासपट. कॅमेरा दिवसभर व्हिडिओ क्लाउडवर चढवत असतो, आणि तुमचा नवाकोरा लॅपटॉप तेवढा वेळ हवा मोकळी व्हायची वाट बघत बसतो.

उपाय तीन. पहिला आणि सर्वोत्तम: जे जागचं हलत नाही ते वायरवर न्या. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, डेस्कटॉप, जमलं तर कॅमेराही. एक केबल ओढणं हे कुठल्याही सेटिंगपेक्षा जास्त काम करतं. दुसरा: राउटरमध्ये 'एअरटाइम फेअरनेस' असेल तर चालू करा. मग हळू उपकरणाला समान पॅकेटं नव्हे, समान वेळ मिळतो. जुना प्रिंटर किंवा स्मार्ट प्लग यानंतर तुटायला लागला तर ते २.४ पुरतं बंद करा. तिसरा: शक्य असेल तर १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे जुने दर बंद करा. कुठल्याही साध्या घोषणा राउटर सगळ्यात हळू दराने करतो, आणि बीकन, म्हणजे 'मी इथे आहे' ही राउटरची घोषणा, तर सेकंदाला साधारण दहा निघतात.

वाय-फाय रिपीटर घेताना दहा वेळा विचार करा. साधा रिपीटर त्याच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक पॅकेट हवेत दोनदा जातं. आतल्या खोलीत सिग्नलच्या काड्या भरलेल्या दिसतात आणि कॉल आधीपेक्षा वाईट होतो. दुसरा डबा हवाच असेल तर त्याला मागून वायर द्या.

पायरी ५: डब्ल्यूएमएम चालू आहे का?

आता आपण खऱ्या अर्थाने क्यूओएसपाशी आलो. वाय-फायमध्ये प्राधान्याची सोय ८०२.११ई या मानकाने आली, ते २००५ मध्ये मंजूर झालं. त्यातला बाजारात रुजलेला भाग म्हणजे डब्ल्यूएमएम. त्यात चार रांगा असतात: व्हॉइस, व्हिडिओ, बेस्ट एफर्ट म्हणजे नेहमीचं सगळं, आणि बॅकग्राउंड.

हे चालतं कसं ते एकदा समजून घ्या, पुढचे बरेच गैरसमज टळतील. हवा मोकळी झाली की प्रत्येक जण आधी ठरलेला वेळ थांबतो, मग एक यादृच्छिक आकडा मोजतो, आणि मग बोलतो. ५ गिगाहर्ट्झवर लॅपटॉप-फोनसाठीच्या मूळ आकड्यांनुसार व्हॉइसचं पॅकेट ३४ मायक्रोसेकंद थांबतं, नेहमीचं ४३, बॅकग्राउंडचं ७९. त्यानंतर व्हॉइस ० ते ३ मधला आकडा काढतं, व्हिडिओ ० ते ७ मधला, बाकीचे ० ते १५ मधला. एक मोजणी ९ मायक्रोसेकंदांची. म्हणजे आवाजाचं पॅकेट बहुतेक वेळा आधी सुटतं. बहुतेक वेळा. हमी कुठेच नाही, फासे फक्त आपल्या बाजूने झुकवलेले आहेत.

तुम्ही करायचं एवढंच: वायरलेसच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड' पानावर डब्ल्यूएमएम चालू असल्याची खात्री. जुन्या सल्ल्यांत "डब्ल्यूएमएम बंद करा, वेग वाढतो" असं सर्रास सापडतं. उलट आहे. ८०२.११एन आणि त्यापुढचे वेग डब्ल्यूएमएमशिवाय मिळतच नाहीत. ते बंद केलं की जोडणी ५४ एमबीपीएसच्या जुन्या जमान्यात जाते. काही राउटर हे बटण दाखवतही नाहीत, कायम चालूच ठेवतात. ते बरंच आहे.

पण डब्ल्यूएमएम फक्त हवेतल्या पाळीपुरतं आहे. खालापूरच्या टोलनाक्यावर अँब्युलन्सला वेगळी लेन दिली, पण कोंडी बोरघाटात असेल तर लेनचा उपयोग किती? आपला घाट म्हणजे पुढची पायरी.

पायरी ६: रांग आवरा

लग्नाहून घरी आलात. सगळ्यांचे फोन वाय-फायला लागले आणि शेकडो फोटो-व्हिडिओ एकदम बॅकअपला निघाले. प्रत्येक फोन जमेल तितक्या जोरात पाठवतो, पण बाहेर जाणारी वाट दहा एमबीपीएसची आहे असं धरू. उरलेलं राउटर आपल्या मेमरीत रांगेत ठेवतो. रांगेत एक मेगाबाइट साठला, तर तो बाहेर पडायला ०.८ सेकंद लागतात. तुमच्या आवाजाचं इवलंसं पॅकेट त्या रांगेच्या शेपटाला उभं राहतं. ८०० मिलिसेकंद! याला बफरब्लोट म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास हे नाव रूढ केलं. राउटर बनवणाऱ्यांना पॅकेट टाकून देणं कमीपणाचं वाटत होतं, म्हणून त्यांनी मेमरी वाढवत नेली, आणि रोग तिथूनच वाढला.

औषध २०१२ मध्ये आलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांच्या 'कोडल' या पद्धतीत रांग किती लांब आहे ते बघत नाहीत, पॅकेट रांगेत किती वेळ उभं आहे ते बघतात. फार वेळ झाला की काही पॅकेटं टाकून देतात, आणि पाठवणारा आपोआप हळू होतो. पुढे त्याला प्रत्येक प्रवाहाची वेगळी रांग जोडली गेली, ती 'एफक्यू-कोडल'. मग 'केक' आलं, २०१८ पासून ते लिनक्सच्या गाभ्यातच आहे. या सगळ्यांना राउटरच्या भाषेत मिळून एसक्यूएम म्हणतात. यात कुठल्याही अ‍ॅपचं नाव सांगावं लागत नाही, पोर्ट लिहावे लागत नाहीत. थोडा डेटा पाठवणारा प्रवाह आपोआप पुढे सरकतो, आणि आवाज नेमका तसाच असतो. या लेखातलं एकच काम करायचं असेल तर हे करा.

आता अडचण. कंपनीने दिलेल्या डब्यात एसक्यूएम जवळजवळ कधीच नसतं. मग दोन वाटा.

पहिली, आहे त्या राउटरचं क्यूओएस नीट भरणं. टीपी-लिंकसारख्या राउटरांत एकूण बँडविड्थ विचारतात आणि कोणत्या उपकरणांना प्राधान्य ते निवडायला देतात. एकूण बँडविड्थ स्पीड टेस्टच्या ८५-९० टक्के लिहा. इथे तीन जण अडखळतात: जो रकाना तसाच सोडतो (मग राउटरला वाटतं वाट प्रचंड रुंद आहे, आणि तो काही आवरतच नाही), जो एमबीपीएसच्या जागी केबीपीएस आहे हे बघत नाही, आणि जो घरातल्या सगळ्या उपकरणांना 'हाय' देतो. सगळेच व्हीआयपी झाले की व्हीआयपी कुणीच उरत नाही. कामाचा एक लॅपटॉप निवडा आणि थांबा.

दुसरी वाट, ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं मोफत, खुलं सॉफ्टवेअर) चालणारा स्वतःचा राउटर. मेहनत आहे, पण फळ पक्कं. घेण्याआधी नेमकं मॉडेल आणि हार्डवेअर आवृत्ती ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का ते बघा. एकाच नावाच्या डब्याची दुसरी आवृत्ती आतून पूर्ण वेगळी असू शकते, दुकानदाराला हे माहीत नसतं. मग असं करा:

- केबलने जोडलेल्या लॅपटॉपवरून, घरात बाकी काही चालू नसताना, सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास स्पीड टेस्ट करा. रात्रीचा कमी आकडा धरा.
- सॉफ्टवेअरच्या पानावरून एसक्यूएमचं पॅकेज बसवा. इंटरफेस बाहेर जाणारा वॅन निवडा. चुकून लॅन, म्हणजे घरातल्या बाजूचा, निवडला तर डाउनलोड आणि अपलोड उलटे होतात.
- दोन्ही रकान्यांत मोजलेल्याच्या ९० टक्के भरा. रकाने केबीपीएसमध्ये आहेत, म्हणजे ९० एमबीपीएस म्हणजे ९००००.
- रांगेची पद्धत 'केक' निवडा.
- हार्डवेअर ऑफलोड (पॅकेटं प्रोसेसरऐवजी थेट चिपनेच पुढे ढकलणं) चालू असेल तर बंद करा, नाहीतर पॅकेटं एसक्यूएमला वळसा घालून जातात. प्रोसेसरवर भार वाढतो, त्यामुळे स्वस्तातला राउटर आणि ५०० एमबीपीएसचा प्लॅन ही जोडी जमत नाही.

मग पुन्हा ते अपलोड आणि पिंग. ५०० चे आकडे २०-३० वर राहिले की ओळखायचं, लागू पडलं. नाही उतरले तर ९० चे ८५, मग ८० टक्के करून बघा. दहा टक्के वेग सोडणं लोकांच्या जिवावर येतं. मला तो सौदा कधीच महाग वाटलेला नाही.

स्वतःचा राउटर लावताना कंपनीचा डबा ब्रिज मोडवर टाकायला सांगा, म्हणजे तो डेटा नुसता पुढे देतो आणि राउटरचं काम तुमचा राउटर करतो. पण थांबा: त्याच डब्यावर लँडलाइन किंवा टीव्ही असेल तर ब्रिज केल्यावर ते बंद पडू शकतं, आधी विचारा. ब्रिज होत नसेल तर तुमचा राउटर त्याच्या मागे जोडा आणि कंपनीच्या डब्याचं वाय-फाय बंद करा. ते चालू राहिलं तर घरातले फोन तिकडेच चिकटतात आणि तुमच्या एसक्यूएमला बायपास करून बाहेर जातात.

एक बारीक गोष्ट राहिली. तुम्ही दोन खोल्या पलीकडे बसलात आणि तिथे वाय-फायच २० एमबीपीएस देतंय, तर रांग वॅनवर नाही, वाय-फायच्या चिपसमोर लागते. तिथे वॅनचं एसक्यूएम हात टेकतं. ओपनडब्ल्यूआरटीत एटीएच९के, एटीएच१०के आणि एमटी७६ या ड्रायव्हरांमध्ये (चिप चालवणाऱ्या सॉफ्टवेअरांमध्ये) वाय-फायच्या रांगेलाही एफक्यू-कोडल जोडलेलं आहे. राउटर निवडताना यातली चिप बघा. तशी मिळाली नाही तर पायरी २ कडे परत.

पायरी ७: टॅग लावायचे का?

घरासाठी माझं उत्तर नाही असंच आहे. लहान ऑफिसात, जिथे सगळे एकच अ‍ॅप वापरतात, तिथे करण्यासारखं आहे.

प्रत्येक पॅकेटवर डीएससीपी नावाचा एक आकडा असतो. आवाजासाठी ४६, व्हिडिओसाठी ३४ हा रिवाज. राउटर त्यावरून डब्ल्यूएमएमची रांग ठरवतो, आणि इथे एक गंमत आहे. बरीच उपकरणं सहा बिटांतले वरचे तीनच बघतात. ४६ चे वरचे तीन बिट म्हणजे ५, आणि ५ म्हणजे व्हिडिओची रांग. आवाज म्हणून टॅग केलेलं पॅकेट व्हिडिओत जाऊन बसतं! २०१८ च्या आरएफसी ८३२५ या इंटरनेट मानकांच्या दस्तऐवजात नीट नकाशा दिला आहे, त्यात ४६ ला ६, म्हणजे व्हॉइस. तुमच्या अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये 'क्यूओएस मॅप' असेल तर तो तसा भरा.

टीम्ससाठी मायक्रोसॉफ्टने सुचवलेले पोर्ट आवाजाला ५०००० ते ५००१९, व्हिडिओला ५००२० ते ५००३९, स्क्रीन शेअरिंगला ५००४० ते ५००५९. विंडोजच्या ग्रुप पॉलिसीत त्यानुसार टॅग लावता येतात. डोमेनमध्ये (ऑफिसच्या सर्व्हरवरून सांभाळल्या जाणाऱ्या गटात) नसलेल्या लॅपटॉपवर मात्र पॉलिसी बनवूनही टॅग लागत नाहीत, त्यासाठी रजिस्ट्रीत वेगळी नोंद करावी लागते. वायरशार्क (पॅकेटं उघडून दाखवणारं सॉफ्टवेअर) लावून पॅकेटवर ४६ खरंच दिसतोय का ते बघितल्याशिवाय काम झालं असं मानू नका.

दोन मर्यादा. तुम्ही लावलेले टॅग तुमच्या बाजूने जातानाच कामाचे, समोरून येणाऱ्या पॅकेटवरचे टॅग वाटेत बहुधा पुसले जातात. आणि जास्त गोष्टी व्हॉइसच्या रांगेत कोंबू नका. तिथे ० ते ३ हे चारच आकडे आहेत, गर्दी झाली की दोघांना एकच आकडा येतो आणि टक्कर होते. शिवाय बऱ्याच ड्रायव्हरांमध्ये या रांगेतली पॅकेटं एकत्र बांधून पाठवत नाहीत, त्यामुळे मोठं डाउनलोड चुकून तिथे गेलं तर वेग कोसळतो.

पायरी ८: आयपीटीव्ही असेल तरच

फायबरसोबत थेट चॅनेल दाखवणारा सेट-टॉप बॉक्स असेल आणि तो वाय-फायवर असेल, तर त्याचा व्हिडिओ मल्टीकास्ट, म्हणजे एकदम अनेकांसाठी पाठवलेला, असू शकतो. मल्टीकास्ट पॅकेट हवेत सगळ्यात हळू दरांपैकी एकाने जातं आणि पोचल्याची पोचपावती कुणी देत नाही. परिणामी टीव्हीवर चौकोन-चौकोन दिसतात आणि बाकी घराचं वाय-फायही दमतं. राउटरमध्ये 'आयजीएमपी स्नूपिंग' आणि 'मल्टीकास्ट टू युनिकास्ट' चालू करा. नाहीतर बॉक्सला सरळ वायर द्या.

पायरी ९: अ‍ॅपमधलं थोडं

मीटिंग अ‍ॅपमधला एचडी व्हिडिओ गरज नसेल तर बंद. क्लाउड बॅकअपला वेळ ठरवून द्या, रात्री दोनला. विंडोजच्या अपडेटला डाउनलोडची मर्यादा घालता येते, ती घाला. गाण्याचा किंवा तबल्याचा क्लास ऑनलाइन घेत असाल तर झूममध्ये 'ओरिजिनल साउंड' चालू करा. एरवी ते तंबोऱ्याला पार्श्वभूमीचा आवाज समजून कापून टाकतं, आणि आपण बिचाऱ्या नेटला दोष देत बसतो.

पायरी १०: पुन्हा मोजा, आणि मग तक्रार

पायरी १ चे सगळे पिंग आता पुन्हा घ्या, शक्यतो रात्री आठ ते दहा, जेव्हा अख्खी इमारत नेटवर असते. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि प्रत्येक बदलानंतर मोजा. चार गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने बरं झालं ते कळत नाही.

केबलने जोडूनही बाहेरचं पिंग खराबच असेल, तर कंपनीकडे तक्रार करा. "नेट स्लो आहे" म्हणू नका. त्यावर "सर, राउटर रीस्टार्ट करा" हेच उत्तर येणार. असं लिहा: लॅपटॉप वायरने जोडलेला, घरात दुसरं काही चालू नाही, राउटरचं पिंग १ मिलिसेकंद, बाहेरचं १५० ते ४००, इतक्या ते इतक्या वाजेपर्यंत. सोबत स्क्रीनशॉट आणि ट्रेसराउट (पॅकेट वाटेत कुठून कुठून गेलं त्याची यादी) जोडा. तक्रारीचा डॉकेट नंबर मागून घ्या. ऑप्टिकल सिग्नल किती आहे हेही विचारा. तो आकडा डब्याच्या स्टेटस पानावर 'आरएक्स पॉवर' म्हणून दिसतो. उणे २७ च्या खाली गेला असेल तर फायबर कुठेतरी दुमडली आहे किंवा जोड खराब आहे, आणि त्यासाठी माणूस घरी यायलाच हवा.

तो येऊन गेला की सेटिंग पुन्हा तपासा. दुरुस्तीच्या नावाखाली डबा फॅक्टरी रीसेट होतो, कंपनीच्या दूरस्थ अपडेटनंतरही चॅनेल परत 'ऑटो'वर जातं आणि बंद केलेलं वाय-फाय परत चालू झालेलं असतं. सुरुवातीला जसे जुन्या सेटिंगचे फोटो काढले, तसे शेवटच्या चालत्या सेटिंगचेही काढून ठेवा.